पेपरवाला आणि पक्षवाला

पेपरची एजन्सी मला १९८९ च्या पावसाळ्यात मिळाली. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं गाव बाजाराचं. पहाटेच्या एसटीने गठ्ठे यायचे आणि शाळेची घंटा व्हायच्या आत वाटप उरकायचं. त्याच वर्षी गावोगावी अयोध्येच्या राममंदिरासाठी शिलापूजनं चालली होती. मी लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारा, तेव्हा त्या धावपळीतही होतोच. एजन्सीच्या मागोमाग वार्ताहरकी आली. तालुक्याला पद्धतच अशी, की जो अंक विकतो तोच बातमी पाठवतो आणि तोच जाहिरात आणतो. मानधन नावापुरतं. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर.

बातमी कागदाच्या एकाच बाजूला लिहायची, पाकिटावर 'प्रेस मॅटर, तातडीचे' असं लिहायचं आणि दुपारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. गाडी वाटेत बंद पडली की बातमी शिळी. माझी पहिली बातमी 'आमच्या वार्ताहराकडून' एवढ्यावरच छापून आली. नाव नव्हतं. तरी तो अंक मी बरेच दिवस दुकानात दर्शनी ठेवला होता.

तेव्हा भाजप म्हणजे शेटजी-भटजींचा पक्ष, असंच लोक म्हणायचे. आम्हाला तर सरळ 'चड्डीवाले'. तालुक्याच्या बैठकीला एक सतरंजी पुरून उरायची. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजात पक्ष न्यायची जी आखणी केली, तिचं फळ खेड्यात हळूहळू दिसायला लागलं. मग गोपीनाथ मुंडेंच्या सभेला माणसं जमवायला आम्हाला फार फिरावं लागेना.

आमचे जुने कार्यकर्ते सांगायचे, वाजपेयींनी 'पांचजन्य' सांभाळला, अडवाणी 'ऑर्गनायझर'मध्ये होते, मग तू कशाला संकोचतोस? मला हे कधी पटलं नाही. ते विचाराचे पेपर. घेणाऱ्याला माहीत असायचं आपण काय घेतोय. माझा पेपर काँग्रेसचा सरपंच घ्यायचा आणि शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावणाराही घ्यायचा. दोघं अंक उघडून आधी आपल्या गावाचं नाव शोधायचे. म्हणून पक्षाच्या कार्यक्रमाची बातमी मी स्वतः लिहायची नाही, असं ठरवून टाकलं. चिटणीसाने सही करून पत्रक द्यायचं, मी ते तसंच पुढे पाठवायचं. विरोधकांच्या पत्रकालाही हाच नियम. याने बराच ताप वाचला. सगळा मात्र नाही.

एका उन्हाळ्यात टँकरचं प्रकरण झालं. माहितीचा अधिकार तेव्हा यायचा होता, टँकरला जीपीएस नव्हतं. एका वाडीतल्या बाया दुकानावर येऊन म्हणाल्या, दिवसाआड एक खेप येते, वहीत तीन लागतात. खेपांची नोंदवही मी ग्रामसेवकाकडे बसून पाहिली. तिन्ही खेपांच्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या. त्यातली एक सही ज्या बाईची, ती बाळंतपणासाठी दीड महिना माहेरी होती. ती कुठे गेलीय हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. सही करणाऱ्याला तेवढं ठाऊक नसावं.

ठेका आमच्याच पक्षातल्या एका वजनदार माणसाच्या पाहुण्याचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला लाज कसली? सकाळी एसटीडी बूथवरून जिल्हा आवृत्तीच्या उपसंपादकाला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "कागद आहे का?" मी म्हटलं, वहीची पानं उतरवून घेतलीत, बायांचे जबाब सह्यांनिशी घेतलेत, ठेकेदाराचं म्हणणंही घेतलंय. तो म्हणाला, "मग पाठवा." बातमी लागली. तालुक्याच्या बैठकीत मला उभं करून विचारणा झाली. मी पिशवीतून कागद काढून सतरंजीवर मांडले. कुणी हात लावला नाही. पुढचे काही महिने बैठकीचा निरोप माझ्याकडे यायचा राहून जाई. पण वाडीला खेपा सुरू झाल्या, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच वाडीतून मला बूथला बसायला पोरं मिळाली.

विचारांमुळे माझी अडचण फारशी कधी झाली नाही. झाली ती पैशामुळे. तालुक्यात जाहिरात देणार कोण? पतसंस्था, बाजार समिती, सरपंच, वाढदिवसवाले पुढारी. बहुतेक समोरच्या पक्षाचे. सकाळी त्यांच्याकडे पंधरा ऑगस्टची जाहिरात मागायची आणि संध्याकाळी त्यांच्याच विरोधात घरोघरी फिरायचं. बहुतेकांना यात वावगं वाटत नसे. एक पतसंस्थेचे अध्यक्ष तर चहा पाजून म्हणायचे, "घ्या जाहिरात, आणि आमच्या गल्लीत जरा उशिरा या."

२००९ ची विधानसभा आली आणि हा समजूतदारपणा संपला. पेपरच्या कार्यालयाकडून दरपत्रक आलं. सभेच्या बातमीचा दर, मुलाखतीचा दर, घराण्याच्या गुणगानाचा दर. सगळ्याचं मिळून 'पॅकेज'. पावती नाही. उमेदवाराला खर्चाची मर्यादा तेव्हा दहा लाखांची, म्हणून त्यालाही बिल नकोच असायचं. राज्यभर हेच चाललं होतं. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड्यावर आणलं आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल केला. पण आमच्या गावात ऑक्टोबरमध्ये त्याचा काय उपयोग? कार्यालय म्हणे, तुमचा उमेदवार ओळखीचा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. उमेदवार म्हणे, "भाऊ, तू घरचा माणूस, तुझ्या पेपरला पैसे कशाला द्यायचे?" मी दोघांनाही एकच सांगितलं. चौकटीत 'जाहिरात' असं छापून येणार असेल आणि पावती फाडता येणार असेल, तरच मी पैशाला हात लावीन. कार्यालयाने जिल्ह्याहून दुसरा माणूस पाठवला. त्याने आठवड्यात वसुली केली, कमिशन त्यालाच गेलं. एका सकाळी मीच वाटलेल्या अंकात एकाच पानावर दोन उमेदवार प्रचंड मतांनी निवडून येत होते. गिऱ्हाइकं मला विचारायची, यातला खरा कोणता? मी म्हणायचो, गठ्ठा माझा, मजकूर त्यांचा. त्या वर्षी दिवाळी उधारीवर झाली.

ग्रामपंचायतीला मी एकदा स्वतः उभा राहिलो. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. आमच्या पॅनेलमध्ये दोघे तर काँग्रेसचेच होते. अर्ज भरण्याआधी वार्ताहर म्हणून काम थांबवत असल्याचं पत्र कार्यालयाला दिलं आणि पोच घेतली. छाननीच्या दिवशी तहसीलमध्ये हरकत आलीच, की याच्या पेपरला ग्रामपंचायतीच्या जाहिराती जातात, म्हणजे याचा हितसंबंध आहे. मी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम घेऊनच गेलो होतो. कलम १४ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय, की पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात हिस्सा आहे, एवढ्यावरून माणूस अपात्र ठरत नाही. हरकत फेटाळली गेली. ज्यांना हे दोन्ही करायचंय त्यांनी ते पान आधीच वाचून ठेवावं. वकिलाचे पैसे वाचतात.

निवडून आलो नाही. परत आलो तर वार्ताहरकी दुसऱ्या पोराकडे गेली होती. एजन्सी बायकोच्या नावावर होती म्हणून तेवढी राहिली. वार्ताहरकी परत मिळायला वर्ष गेलं, तेही तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला म्हणून.

२०१४ नंतर पक्षात गर्दी झाली. कालपर्यंत आम्हाला चड्डीवाले म्हणणारे आता मंचावर पहिल्या रांगेत बसतात. मी पन्नाप्रमुख आहे, मतदारयादीचं एक पान माझ्याकडे. त्या पानावरची घरं मला पेपरच्या वाटपामुळेच पाठ आहेत. टँकरवाला पाहुणाही आता पदाधिकारी आहे. भेटला की नमस्कार करतो.

परवा रात्री तालुक्याहून फोन आला. "भाऊ, आपल्या कार्यक्रमाची बातमी लागली नाही?" मी विचारलं, सहीचं पत्रक पाठवलं होतं का? नव्हतं. मग म्हटलं, अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचं बिल दिवाळीपासून थकलंय, त्याचंही जरा बघा. म्हणाले, बघतो.