खिडकीजवळची जागा

विमानांत कोणत्या बाजूस बसावें, हा प्रश्न वाचकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांसहि तो तसाच वाटत असे; परंतु गोव्याच्या पहिल्या प्रवासांत आम्ही तो न सोडवितां निघालों आणि सव्वा तास नुसता समुद्र पाहत बसलों.

मुंबईहून दक्षिणेस जातांना डावा हात पूर्वेकडे येतो. तेव्हां किनारा व सह्याद्रि पाहावयाचे असतील तर डावीकडील खिडकी घ्यावी. दोहों बाजूंस तीन तीन आसनें असलेल्या विमानांत तिला 'ए' हें अक्षर असतें. उजवीकडे 'एफ', तेथें अरबी समुद्र. परततांना हें सर्व उलट होतें, हें भूगोलाच्या तासास जागे राहणाऱ्यांस सांगावयास नको. मधल्या रांगांत पंख आडवा येतो, आणि पंखाच्या मागें इंजिनाच्या उष्ण हवेनें देखावा थरथरतो. म्हणून पुढील रांग बरी. सकाळीं पूर्वेकडील सूर्य डोळ्यांवर येतो. दुपारनंतर तोच पाठीशीं राहून डोंगर उजळतो. पावसाळ्यांत मात्र कोणतीहि बाजू घ्या, ढगच दिसावयाचे. एकदां तर तिकिटावर खिडकी असूनहि आमच्या वाट्यास कोरी भिंत आली होती!

आमचें गांव सव. महाडपासून जवळच, सावित्रीच्या कांठीं तें वसलें आहे, आणि तेथील गरम पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. जुलै २०२१ च्या महापुरांत घरांत पाणी शिरलें, तेव्हांपासून आमची वृद्ध आई आमच्याजवळ मुंबईस असते. मोटारीचा लांबचा प्रवास तिच्या कंबरेस सोसत नाहीं. त्यामुळें तिनें गांव पुन्हां पाहिलेलें नाहीं. गेल्या नाताळांत तिला घेऊन गोव्यास बहिणीकडे जावयाचें ठरलें, तेव्हां आकाशांतून तरी तिला सावित्री दाखवावी, असें आम्हीं योजिलें.

वरून नदी ओळखावी कशी? मोठ्या खाड्या मोजीत जावें. मुंबई सोडल्यावर पहिली धरमतरची, दुसरी रेवदंड्याची, तिसरी जंजिऱ्याजवळची राजपुरीची, आणि चौथी बाणकोटची. ती सावित्रीची. महाबळेश्वरीं उगम पावून, पोलादपूर व महाड यांवरून वाहत ती हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्यें समुद्रास मिळते.

खिडकी आम्हीं घेतली होती. कां, तर खाडी ओळखून दाखविणार आम्ही! विमान किनाऱ्यापासून कांहींसें बाहेर, समुद्रावरून चाललें होतें. आम्ही मोठ्यानें मोजीत होतों. मधल्या आसनावरून आईनें दोनदां विचारलें, "काय रे, आली का?" चौथी आली. चकाकत, वळणें घेत ती डोंगरांत शिरली होती, आणि आम्हीं कपाळ कांचेस लावून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मागें वळलों, तों आईच्या पुढें इतका वेळ आमची पाठच होती! पट्टे सोडून जागा बदलेपर्यंत हर्णैचा सुवर्णदुर्ग आला. विमानास तेवढें अंतर दीड-दोन मिनिटांचें.

आई म्हणाली, "असूं दे. तूं पाहिलीस ना?"

परततांना आम्हीं दुपारच्या विमानांत 'एफ' घेतली व आईस तेथें बसविलें. या वेळीं मोजदाद उलटी. दाभोळची खाडी गेली कीं पुढची मोठी आपली. एवढें एकदांच सांगून आम्ही गप्प राहिलों.

बाणकोटची खाडी तिनें स्वतःच ओळखली. महाड तेथून सुमारें चाळीस किलोमीटर आंत; त्या बाजूस निळसर धुरकटाखेरीज कांहीं दिसत नव्हतें. आईनें कांचेवर बोट ठेविलें व तें पाण्याच्या वळणांवरून हळूहळू वर नेलें. "इथं महाड," ती म्हणाली. "इथं कुंड. आणि हें आपलं घर."

राजपुरीची खाडी आली तरी तिनें तें बोट उचललें नव्हतें.