फक्त हलका हात मारलाय

दुरुस्त करून घेतली म्हणून गाडी बिघडली, हे मला अजूनही पचत नाही. पैसे गेल्याचं दुःख नाही. जुनी गाडी पाळणाऱ्याने ते करायचंच नसतं. डोक्यात जातं ते गॅरेजवाल्याचं एक वाक्य: “साहेब, फक्त हलका हात मारलाय.”

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, आमच्या तोंडात फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बुरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. ग्रीन टॅक्स, फिटनेस, आरटीओचे हेलपाटे ज्यांनी केलेत त्यांना वेगळं सांगायला नको. एका मे महिन्यात रेडिएटरचा होजपाइप फुटला, इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं. गाडी गॅरेजला टाकली. परत आली तेव्हा छान पळत होती. म्हणजे सपाटीला.

खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवल्यासारखा आवाज. पाय उचलला की गायब. दाबला की हजर. दुसरा गिअर टाकला की पुन्हा गायब. बायको म्हणाली, सायलेन्सर सैल झाला असेल. सायलेन्सर नव्हता. घाट संपल्यावर आवाज संपला आणि साताऱ्यापर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी वागली.

याला मेकॅनिक लोक नॉकिंग म्हणतात. गॅरेजवाल्याने मात्र बॉनेट उघडून, गाडी जागेवर रेस करून, तिथल्या तिथे निदान केलं: “टॅपेट वाजतायत.” आता टॅपेट वाजत असतील तर ते सिग्नलला उभ्या गाडीतही वाजतील, त्यांना चढ-उतार कळत नाही. जो आवाज फक्त इंजिनवर ओझं आल्यावर येतो तो टॅपेटचा कसा असेल? हे मी बोललो. टॅपेट सेट झाले, पैसे दिले, खडखड तशीच.

मग “कार्बन धरलाय” झालं. मग प्लग बदलले. मग सगळ्यांचा लाडका आरोपी, पेट्रोल. “साहेब, आता पूर्वीचं पेट्रोल राहिलंय कुठे?” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर थोडं बोलतोच. पूर्वीचं पेट्रोल म्हणजे शिसं घातलेलं. टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातलं की नॉकिंग थांबतं, हे १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीने शोधलं. आपल्याकडे ते शिसं २००० साली देशभर बंद झालं, आणि बरं झालं, पोरांच्या रक्तात जात होतं ते. पण त्या जुन्या, गोडव्याने आठवल्या जाणाऱ्या काळात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८७ होता. आज पंपावर साधं पेट्रोल ९१ च्या खाली नाही, आणि वीस टक्के इथेनॉलचं तर ९५ पर्यंत जातं. ऑक्टेन जितका जास्त तितकं पेट्रोल दाबाने आपणहून पेटायला नाखूश. म्हणजे ८७ वर निमूट घाट चढलेलं इंजिन ९१ वर कुरकुरत असेल तर पेट्रोलला शिव्या देण्यात काय अर्थ?

शेवटी “टायमिंगच आहे, साहेब” म्हणत त्याने डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंग मागे घेतलं. आवाज खरंच थांबला. गाडीतला जीवही गेला. कात्रजला मागून येणारी एसटी हॉर्न मारमारून पुढे जायला लागली आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. ठिणगी उशिरा पडली की जळणारा वायू ढकलायच्या कामी न येता उष्णता घेऊन तसाच सायलेन्सरकडे जातो. मी परत गेलो तर उत्तर तयार होतं: “आता हाफ इंजिन करावं लागेल.”

तिथून मी गाडी उचलली आणि एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. आयुष्यभर फियाटच केलेला माणूस, आता घराखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये मन लागेल तेवढंच काम करणारा. काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, “हेड कधी उतरवलं होतं?” मग, “फेस केलं होतं का?” मी खिशातून बिल काढलं. त्यावर होतं, हेड फेसिंग.

त्यांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. चारही सिलिंडरचा आकडा जवळजवळ सारखा आणि पुस्तकापेक्षा चांगलाच वर. “कार्बन असता तर एक जास्त, एक कमी आलं असतं. हे वरून घासलंय.” हेड उतरवून व्हर्नियर लावला तेव्हा कळलं, उंची मिलिमीटरहून जास्त कमी झाली होती.

एक मिलिमीटर म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच माझा रक्तदाब वाढतो. या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर. एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे २७२ घनसेंटिमीटर हवा ओढतो आणि वर आल्यावर ती चाळीसेक घनसेंटिमीटरच्या पोकळीत दाबतो. हेड मिलिमीटरभर घासलं की त्या पोकळीतले तीन-साडेतीन घनसेंटिमीटर गेले. दाबाचं प्रमाण पावणेआठवरून साडेआठच्या जवळ. नव्या गाड्यांत दहा-अकराही असतं, पण त्यांना नॉक सेन्सर असतो, कॉम्प्युटर क्षणात ठिणगी मागे घेतो. आमच्या फियाटला फक्त मी आहे, माझे कान आणि माझा उजवा पाय.

बिल घेऊन मी गॅरेजवाल्याकडे गेलो. भांडायला नाही, किती घासलं एवढंच विचारायला. तो म्हणाला, “हलका हात मारलाय. आणि आम्ही नाही हो घासत, लेथवाला घासतो.” नाना पेठेतल्या त्या लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “चार खड्डे होते. ते जाईपर्यंत घास म्हणाला, घासलं.” किती? “मोजायला कोण सांगतं?” परत गॅरेज. “लेथवाला आम्हाला काही बोलला नाही.” म्हणजे ज्याने घासलं त्याला मोजायला सांगितलं नव्हतं, ज्याने घासायला सांगितलं त्याने मोजलं नव्हतं, आणि बसवताना गॅस्केट नेहमीच्याच जाडीचं टाकलं. दोघांतल्या एकालाही यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. मीच दीडशहाणा. व्हर्नियर लावायला किती वेळ लागतो? चहा गार होईपर्यंतसुद्धा नाही.

बरं, घासायलाच नको होतं असंही मला म्हणता येत नाही. काकांनी पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घालून दाखवलं: अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं, आणि वाकलेलं तसंच बसवलं तर गॅस्केट पुन्हा जातं. घासावं लागलंच असतं. फक्त मोजून. घासलं तेवढी भरपाई गॅस्केटमध्ये द्यायची. त्यांनी तांब्याचं जाड पॅकिंग कापून घेतलं आणि हेड बसवलं. मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरल्यापासून फियाटचे पार्ट शोधणं वेगळंच दिव्य झालंय, तेव्हा कापून घेतलं हेच बरं.

तरी काकांचं समाधान होईना. साडेआठच्या प्रमाणाने एवढी खडखड यायला नको, असं त्यांचं म्हणणं. क्रँकच्या पुलीवर टायमिंग लाइट धरला. मागे घेतलेलं टायमिंग आधी पुस्तकाप्रमाणे केलं, जागेवर ते बरोबर दिसलं. त्यांनी रेस वाढवायला सांगितली आणि खूण हळूहळू सरकण्याऐवजी एकदम पळाली. व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली, तरी तेच. डिस्ट्रिब्युटर उघडला. आत फिरणारी दोन वजनं असतात. वेग वाढेल तशी ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात, दोन स्प्रिंगा त्यांना ओढून धरतात. आमच्या एका स्प्रिंगच्या जागी दुसऱ्याच कुठल्यातरी डिस्ट्रिब्युटरची नाजूक स्प्रिंग होती. हे कोणी, कधी केलं, देव जाणे. हेड घासून दाब वाढलेला, आणि ठिणगी वेळेच्या आधी. दोघे मिळून खडे वाजवत होते.

स्प्रिंग बदलली, टायमिंग पुन्हा जागेवर आलं. मग काकांनी कार्बुरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो. जुन्या जेटवर मिक्श्चर पातळ जातं, पातळ मिक्श्चर तापतं, तापलं की नॉकिंग.” म्हणजे मी ज्या पेट्रोलची एवढी बाजू घेतली तेही थोडं सामील होतंच. ऑक्टेनचा माझा हिशेब चुकीचा नाही, पण कार्बुरेटरला ऑक्टेन कळत नाही. जुनी गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्याही बदलून घ्या, इथेनॉल त्यांना खातं.

आता घाट शांतपणे चढते. भर उन्हाळ्यात, पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील तर किंचित कुरकुरते, मी दुसरा टाकतो.

मध्ये पंक्चर काढायला त्या गॅरेजसमोर थांबावं लागलं. मालक बाहेर आला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “काय निघालं शेवटी?” मी स्प्रिंगचं सांगितलं, हेडचं मुद्दाम आधी सांगितलं. हेडचं त्याने ऐकलंच नाही. “म्हणजे टायमिंगच ना? मी तेव्हाच म्हणालो होतो, साहेब.” आणि तो तसं म्हणाला होता, हे मला नाकारता येईना.