शिबंदी उठली, गांव राहिला

१८१५ सालीं नेपोलियनचा पाडाव झाला, हें आमचे विद्यार्थी न चुकतां लिहितात. पण पाडाव झालेल्या शत्रूची धास्ती जेत्यांच्या मनांत किती खोल राहते, हें पाठ्यपुस्तकांत सहसा नसतें. तें पाहावयाचें तर दक्षिण अटलांटिक महासागरांतील ट्रिस्टन द कून्या या इवल्याशा बेटाकडे वळावें.

नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेंत होता. भोंवतीं अफाट समुद्र, शिवाय आरमाराचा पहारा. तरीहि इंग्रज सरकारास स्वस्थता नव्हती. त्याच्या सुटकेसाठीं कोणी ट्रिस्टनचा आसरा घेईल, या भयानें १८१६ सालीं तेथें निशाण लावून शिबंदी ठेवण्यांत आली. दोन बेटांमधील अंतर सुमारें २,४०० किलोमीटर! पुण्याचा कैदी पळूं नये म्हणून मंडालेस चौकी बसवावी, तशांतलाच हा प्रकार. वर्ष-सव्वा वर्षांतच सरकारनें बेत फिरविला व १८१७ सालीं शिबंदी उठविली. त्याच सुमारास ‘जूलिया’ हें आरमारी जहाज तेथील किनाऱ्यावर फुटून पन्नासांहून अधिक माणसें बुडालीं. कैदी मात्र जागचा हललाहि नव्हता.

परंतु तोफखान्यांतील विल्यम ग्लास या स्कॉटिश कॉर्पोरलनें बायकोमुलांसह तेथेंच राहण्याची परवानगी मागितली. त्यास दोघे सोबती मिळाले. तिघांनीं करारपत्र केलें: गुरेंढोरें व सामान समाईक, नफा सारखा, आणि कोणीहि दुसऱ्यावर वरचढपणा करावयाचा नाहीं. समतेची घोषणा करणाऱ्या क्रांतींतून वर आलेला पुरुष सम्राट होऊन बसला. आणि त्याच्या धास्तीनें पाठविलेल्या एका सामान्य शिपायानें ती समता कागदावर उतरविली! पुढें वडिलकी ग्लासकडेच आली, हें खरें; पण तेथील जमीन आजहि सामायिक आहे.

१९६१ सालीं बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला व सर्व रहिवाशांस इंग्लंडांत आणावें लागलें. तेथें सुखसोयी होत्या, नोकऱ्या होत्या. तरीहि १९६२ सालीं मतें घेतलीं तेव्हां १४८ जणांनीं परतण्याचा कौल दिला. विरुद्ध मतें अवघीं ५. १९६३ सालीं बहुतेक जण परतले. आज तेथें तीनशेंहूनहि कमी माणसें राहतात, आणि ग्लास हें आडनांव अजून नांदतें आहे.

धास्तीनें घातलेलें ठाणें पुरतीं दोन वर्षेंहि टिकलें नाहीं. विश्वासानें वसविलेला गांव दोनशें वर्षें उभा आहे. राज्यें कोणीं जिंकलीं, याबरोबरच घरें कोणीं वसविलीं, हेंहि इतिहासानें विचारावें, असें आम्हांस वाटतें तें यासाठींच.