एका ताटातील भाकर

आमचे पांढुर्णे गाव नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसले आहे. राज्य मध्य प्रदेश, परंतु बोली मराठी. मळ्यांत संत्री आणि ताटात ज्वारीची भाकर. परमुलखात गेलेल्या माणसास तिसऱ्या दिवशीच ह्या भाकरीची आठवण होऊ लागते. २०२५ च्या पवित्र वर्षात आम्ही रोमच्या यात्रेस गेलो, तेव्हा आमचेही तसेच झाले.

संत पेत्राच्या महामंदिरामागे, व्हॅटिकनच्या तटाआत, संत स्तेफानाचे एक प्राचीन मंदिर आहे. पंधराव्या शतकात पोपमहाशयांनी ते इथिओपियाच्या मठवासीयांच्या हवाली केले होते. हे कळताच त्या ख्रिस्ती लोकांची भाकरही चाखावी, असे मनात आले. त्यासाठी दूर जावे लागत नाही. एरित्रिया देश १८९० पासून १९४१ पर्यंत इटलीच्या अमलाखाली होता. त्या देशाच्या व इथिओपियाच्या लोकांच्या खाणावळी टर्मिनी ह्या मोठ्या रेल्वेस्थानकाच्या आसपास आहेत.

ह्या भाकरीस इथिओपियात इंजेरा व एरित्रियात तायता म्हणतात. टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याचे पीठ कालवून दोन-तीन दिवस आंबवितात, रुंद तव्यावर गोल ओततात व वर झाकण ठेवितात. ती उलटीत नाहीत. वरच्या अंगास सुरेख जाळी पडते आणि चव ताकासारखी आंबूस लागते. आपल्या धिरड्याची ही थोरली बहीणच म्हणावी! परदेशी पुष्कळ ठिकाणी टेफमध्ये दुसरे पीठ मिसळतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

तेथील ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करितात. म्हणून आम्ही उपवासाचे ताट मागितले. डाळी व भाज्या आल्या, आणि मध्यभागी शिरो. हा शिरो हरभऱ्याच्या पिठाचा. पहिल्या घासालाच आपले पिठले आठवले!

परंतु ताट एकच आले. चौघांसाठी एकच मोठी भाकर, तिच्यावरच सर्व कालवणे. वाट्या नाहीत, चमचे नाहीत. आम्ही चौघे एकाच धर्मग्रामाचे, एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारे. तरीही गावच्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे, हे अजून पाहिले जाते, आणि एका ताटात आम्ही कधीच जेवलो नव्हतो. क्षणभर कोणाचाच हात पुढे होईना. तेव्हा वाढणाऱ्या बाईने हसून एक तुकडा तोडला, शिरोत बुडविला आणि आमच्यातील सर्वांत वडील गृहस्थांच्या मुखी घातला. असा घास भरविण्यास तिकडे गुर्षा म्हणतात. तो प्रेमाचा मान होय. गृहस्थांनी डोळे पुसले व दुसरा घास स्वतः शेजाऱ्यास भरविला.

वाचकहो, रोमला जाणे सर्वांना साधेल असे नाही. पण येत्या शुक्रवारी परातीत मोठे धिरडे पसरावे, मध्ये पिठले वाढावे आणि ज्यास आजवर बोलाविले नाही, अशा एका शेजाऱ्यास अवश्य बोलवावे.