लोणच्याची बरणी की दप्तर?

आमच्या घरात एक किस्सा आहे. तो दरवर्षी 12 जुलैला निघतो. 1961 साली त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत होतं. बाबा सहा वर्षांचे होते.

किस्सा आजी सांगते. "पाणी आलं, पाणी आलं" असा एकच ओरडा झाला. बाबांचा हात धरून आजी पर्वतीच्या वाटेला लागली. आजोबा मात्र अर्ध्या वाटेतून मागे फिरले. परत आले ते कैरीच्या नव्या लोणच्याची बरणी पोटाशी धरून. "दागिने राहिले ट्रंकेत आणि यांनी आणलं काय, तर लोणचं!"

इथे बाबा हमखास टोकायचे, "नाही गं आई, माझं दप्तर आणलं होतं त्यांनी." मग दोघांची जुंपायची. आजोबांना विचारलं, तर ते नुसते हसायचे.

मला वाटायचं, खरं काय ते एकदाचं ठरवून टाकावं. पुढे कॉलेजात 'लीळाचरित्र' अभ्यासाला आलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून, विचारून त्या गोळा केल्या. नंतर मूळ पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. साहजिकच पाठभेद आले. एकच लीळा कुणाच्या आठवणीत कशी आहे, तेही त्यात नोंदवलेलं सापडतं. कुणाची आठवण खोटी ठरवून पुसली नाही.

तेव्हापासून मी घरातलं भांडण मिटवायचा नाद सोडला. धरण कधी फुटलं, हे पुस्तकात मिळतं. पण आजोबा जीव धोक्यात घालून मागे का फिरले, हे फक्त किश्श्यातच उरलं आहे. आजीला त्यात तिच्या हातचं लोणचं जपणारा नवरा दिसतो. बाबांना आपल्यासाठी पाण्यात शिरलेले वडील दिसायचे. बरणी असो की दप्तर, दोघांनी जपून ठेवली होती ती माया.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी 12 जुलैला किस्सा निघालाच नाही. यंदा आजीने आपणहून सुरुवात केली. बरणीपाशी आली आणि थांबली. तिथे कुणीतरी टोकायचं असतं. खोलीत सगळे गप्प. आजीची नजर बाबांच्या खुर्चीकडे गेली.

मीच म्हणाले, "नाही गं आजी, दप्तर आणलं होतं त्यांनी."

आजीने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "तू होतीस का गं तिथे? म्हणे दप्तर! अगदी बापावर गेलीयेस."

आणि किस्सा पुढे सुरू झाला.