न आवडण्याचा हक्क

मित्रांच्या कट्ट्यावर आपल्याला न आवडणारा माणूस येऊन बसू लागला तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. भाऊबंदकीसाठी कोर्ट आहे, नवरा-बायकोच्या भांडणासाठी घरातले वडीलधारे आहेत, जमातीतल्या वादासाठी पंच आहेत. मैत्रीतल्या या दुखण्याला मात्र कुठेच दाद लागत नाही. तक्रार केली तर आपणच कोत्या मनाचे ठरतो. ‘एवढं काय त्यात? बसू दे की तोही,’ असं कोणीतरी म्हणतं आणि विषय मिटतो. आपल्या मनातून तो मिटत नाही, हे ज्याचं त्यालाच माहीत.

आमचा कट्टा सोलापुरातला, अकरावीपासूनचा. एक वकील, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, एकाचा टॉवेलचा कारखाना, एक औषध कंपनीत एमआर आणि पाचवा मी. पाच जणांच्या घरी मिळून चार भाषा बोलल्या जातात : मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमची दखनी. सोलापुरात याचं कोणाला नवल वाटत नाही. शनिवारी रात्री पार्क मैदानाजवळ एका गाड्यावर आम्ही चहाला जमतो. नोकऱ्या बदलल्या, लग्नं झाली, पोटं सुटली, पण शनिवार सुटला नाही.

दीड वर्षापूर्वी वकिलाने तिथे सहावा माणूस आणला. मुसलमान. वकिलाच्या एका अशिलाचा नातेवाईक. मी त्याला आधीपासून ओळखत होतो. एका क्लासमध्ये आम्ही वर्षभर बरोबर शिकवलं होतं, आणि तेव्हापासूनच तो मला आवडत नव्हता. त्याची ओळख करून देताना वकील मोठ्या खुशीत मला म्हणाला, “घे, तुला जोडीदार आणला.”

मी म्हटलं, “मला जोडीदार कमी होता का?”

सगळे हसले. तोही हसला.

तो का आवडत नाही, हे सांगायला हवं, नाहीतर नुसता आकस वाटेल. तो नकला करतो. आपल्याच मोहल्ल्याच्या. समोर बिगरमुस्लिम मंडळी असली की त्याला विशेष चेव येतो. पानपट्टीवरचा चाचा, दंडाला ताईत बांधणारी खाला, लग्नात बिर्याणीच्या देगीशी घुटमळणारा मामू. ‘कैकू’, ‘नक्को’, ‘हौ’ हे शब्द ताणून म्हणायचे आणि मराठी बोलताना म्हातारी माणसं लिंग कसं चुकतात ते करून दाखवायचं. ‘बस आला’, ‘डबा पडली’. नक्कल तो उत्तम करतो, हेही सांगून टाकतो. क्लासमध्ये स्टाफरूम नुसती खदखदायची.

आता दखनी ही माझ्या घरची भाषा. माझ्या अब्बांची सगळी हयात लूमवर गेली. मालकाशी कामापुरती तेलुगू, बाजारात मराठी, घरात दखनी. मराठीतला डबा त्यांच्या तोंडी कायम स्त्रीलिंगी राहिला. या चौघांना त्यांनी कितीतरी ईदींना स्वतः शीरखुर्मा वाढलाय. वकिलाने पहिल्यांदा काळा कोट घातला तेव्हा त्याच्या खिशात शंभराची नोट कोंबून ‘वकीलसाहब, हमारा केस फुकट लडना’ म्हणाले होते. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या गाड्यावर तो माणूस ‘डबा पडली’ म्हणाला तेव्हा चौघंही हसले. मी कपातल्या चहाकडे बघत बसलो.

त्या रात्री घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की माझा राग दोन जणांच्या वाट्याचा आहे. त्या माणसावरचा जुनाच होता. नवा राग होता चौघांच्या हसण्यावर. आवडत नसलेला माणूस जगात कुठेतरी असतोच. त्याने आपलं काही बिघडत नाही. तो आपल्या माणसांत येऊन बसतो आणि आपली माणसं त्याच्या बाजूने हसतात, तेव्हा ती काही वेळापुरती त्याची होतात. तेच बोचतं.

यात हिशेबाचीही एक गंमत आहे. पाच जणांच्या कट्ट्यात माणसामाणसांच्या जोड्या होतात दहा. सहावा आला की त्या पंधरा होतात. माणूस वाढतो एक, नाती वाढतात पाच. त्या पाचांतली चार नाती जुळली आणि एक नाही जुळलं, तर कट्ट्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच. ज्याचं नाही जुळलं त्याच्या तोट्याचा रकाना हिशेबात नसतो. म्हणून ‘सगळ्यांना सामावून घ्या’ हे वाक्य ऐकायला गोड वाटतं, पण त्याचं बिल बहुतेक वेळा एकाच्याच नावाने फाटतं.

तो सरसकट वाईट माणूस आहे, असं माझं म्हणणं नाही. एमआरच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त द्यायला तोच गेला आणि रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. एमआरला तो प्रिय आहे, आणि का नसावा? माझ्या मित्राला आवडणारा माणूस मलाही आवडलाच पाहिजे असं नाही. तसंच मला आवडत नाही म्हणून त्याने त्याला तोडावं, असंही नाही.

मात्र माझी अडचण इथे संपत नाही. माझ्या जागी गुरुजी असता आणि वकिलाने त्याला न आवडणारा कोणी कुलकर्णी किंवा पाटील आणला असता, तर गुरुजी सरळ म्हणाला असता, ‘हा माणूस मला झेपत नाही.’ विषय दोन माणसांचा राहिला असता. मी तेच म्हटलं तर ऐकायला मिळतं, ‘कमाल आहे, तुमचं तुमच्यातच पटत नाही!’ हे वाक्य मी ऐकलंय, एमआरच्या तोंडून, अगदी प्रेमाने म्हटलेलं. एका माणसाविषयीची माझी नावड क्षणात कौमचा प्रश्न होऊन बसते. आणि गप्प राहिलो तर त्याच्या नकलांवर माझी सही पडते. ‘अरे, तो स्वतः मुसलमान आहे, आणि हाही इथेच बसलाय. याला चालतं, मग आपल्याला काय?’

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के. त्यात कोकणी आहेत, दखनी आहेत, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार आहेत. शिकलेले, न शिकलेले, नमाजी, जुम्म्यापुरते, ईदीपुरते आहेत. या एवढ्या लोकांतल्या कुठल्याही दोघांना एका बाकावर बसवलं की त्यांचं जमलंच पाहिजे, ही अपेक्षा आपल्या इतर मित्रांना इतकी साधी का वाटते? त्यात वाईट हेतू नसतो. वकिलाला खरंच वाटलं होतं, की आपण या एकट्या मुसलमान मित्राची सोय केली. मी तिथे एकटा आहे, असं मला त्या दिवसापर्यंत एकदाही वाटलं नव्हतं. त्याने जोडीदार आणला आणि मी एकटा झालो.

आमच्या चहाच्या गाड्यापासून चार हुतात्म्यांचे पुतळे लांब नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. शहरात कोणीही ही चार नावं एका दमात घेतो. एकदा या माणसाने तिकडे हात करून म्हटलं, “बरं झालं, आमचाही एक जण लटकला. नाहीतर आम्हाला दाखवायला काही नव्हतं.” त्यावरही थोडं हसू झालं. फाशी जाणाऱ्याने आपल्या देशासाठी जीव दिला होता. पुढच्या पिढ्यांना दाखवायला दाखला मिळावा म्हणून नव्हे. आणि अशा कामात एकी लागते, ती माणसाने दाखवावी. कट्ट्याचं तसं नाही. तिथे कोणी मोर्चा काढायला जमत नाही. तिथे आपण आवडीने जातो, आणि आवड असते तिथे नावडीलाही जागा ठेवावी लागते.

आपल्यातले काही वाचक म्हणतील, की मोमीन मोमीनचा भाऊ, मनात कीना ठेवू नये. मान्य. हदीसमध्ये मुसलमानाचे मुसलमानावर जे पाच हक्क सांगितलेत ते मी मोजून पाहिले. सलामचं उत्तर देणं, आजाऱ्याला भेटायला जाणं, जनाजासोबत चालणं, दावत कबूल करणं आणि शिंकेवर दुआ देणं. पाचही त्याच्या बाबतीत पाळायला मी तयार आहे; सलामचं उत्तर तर दर शनिवारी देतो. त्याच्याशी शनिवारी गप्पा मारल्याच पाहिजेत असं सहावं कलम त्यात नाही.

गीबतचा प्रश्न जास्त अवघड होता. कोणाच्या पाठीमागे त्याला न आवडेल असं बोलणं म्हणजे गीबत, आणि ते खरं असलं तरी गीबतच. कुरआनने सूरह हुजुरातमध्ये तिची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केलीय. मग मित्रांजवळ बोलायचं कसं? तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबतला परवानगी असलेले सहा प्रसंग दिलेत, जुलमाची दाद मागणं, सल्ला मागणं, सावध करणं वगैरे. ‘माणूस डोक्यात जातो’ हे त्या सहांत बसत नाही. मी पाठीमागे बोलायचं तर फक्त माझ्याबद्दल बोलायचं ठरवलं. त्याच्याबद्दल जे काही असेल ते त्याच्या समोर.

मग एका रविवारी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, “तो येऊ नये असं मी म्हणणार नाही, तो तुमचाही मित्र आहे. पण ‘डबा पडली’वर तुम्ही हसता तेव्हा मला अब्बा दिसतात. एवढंच सांगायला आलो.”

गुरुजी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुमच्यातली चेष्टा आहे. आम्ही हसलो नाही तर त्यालाच वाईट वाटेल.”

“आणि मला?”

“तू घरचा,” तो म्हणाला.

घरचा असण्याचा हा एक तोटा आहे. पाहुण्याचा मान राखला जातो, घरच्याला गृहीत धरलं जातं.

पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा चाचा काढला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, “भाई, माझे अब्बा असंच बोलायचे. माझ्यासमोर हे नको.” तो म्हणाला, “अरे यार, गंमत आहे.” आणि मग कारखानेवाला, जो एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो म्हणाला, “माझी पण कर की गंमत. माझं मराठी ऐकून कॉलेजात अर्धा वर्ग हसायचा.” हे तो हसत म्हणाला नाही. तेलुगू घरातल्या पोराचं मराठी काय असतं आणि त्यावर कोण कसं हसतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं आम्ही याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. गाड्यावर थोडा वेळ फक्त स्टोव्हचा आवाज येत राहिला. मग एमआरने क्रिकेटचा विषय काढला.

त्यानंतर चाचा आमच्या कट्ट्यावर परत आला नाही. तो माणूस येतो. दुसरीकडे नकला करत असेल, नसेलही. एमआरच्या शेजारी बसतो, चहाचे पैसे द्यायला पुढे असतो. मीही जातो. मधल्या काळात दोन शनिवार गेलो नव्हतो, तेव्हा कट्टा माझ्याविना चालला आणि तोटा माझाच झाला. शनिवार माझाही आहे. आता आम्ही दोघं एकमेकांना सलाम करतो आणि बाकाची दोन टोकं सांभाळतो. तो मला अजूनही आवडत नाही, आणि हे आता बाकीच्या चौघांना माहीत आहे. त्यांना ते माहीत असणं मला पुरतं.

वकिलाने मात्र अजून हात टेकलेले नाहीत. परवा म्हणाला, “बकरी ईदला तुम्ही दोघं मिळून एकच दावत द्या ना. एकदा बरोबर जेवलात की सगळं नीट होईल.”

मी म्हटलं, “त्याच्याकडे त्याची खा, माझ्याकडे माझी. तुला दोनदा मटण मिळतंय, तुझी तक्रार काय आहे?”

वकिलाने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्यासारखा चेहरा केला, आणि दोन दावती मान्य केल्या.