जिनिव्हा कॅम्पचा पत्ता

ढाक्यातल्या मोहम्मदपूरमध्ये रस्त्यांची नावे वाचूनच आम्हांला गंमत वाटली. बाबर रोड, हुमायून रोड, शाहजहान रोड, ताजमहल रोड. सात गुंबज मशिदीत जोहरची नमाज पढून आम्ही रिक्षावाल्याला 'जिनिव्हा कॅम्प' एवढेच सांगितले, त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

१९७१च्या युद्धानंतर बेघर झालेल्या उर्दूभाषिकांसाठी रेडक्रॉसच्या मदतीने इथे तात्पुरता आसरा उभा राहिला. रेडक्रॉसचे मुख्यालय जिनिव्हात, म्हणून हे नाव. तो तात्पुरता आसरा अजून आहे. इथल्या लोकांना सगळे 'बिहारी' म्हणतात. फाळणीच्या वेळी बिहार आणि आसपासच्या भागांतून त्यांची वडीलधारी मंडळी पूर्व पाकिस्तानात आली. युद्धात त्यांच्यातल्या अनेकांनी पाकिस्तानी लष्कराची बाजू घेतली आणि बांगलादेश झाल्यावर ज्यांनी काही केले नव्हते त्यांनाही ते भोवले. पाकिस्तानने काहींना नेले, बाकीचे इथेच राहिले.

बाहेर रस्त्यावर चाप तळल्याचा वास सुटला होता. हा चाप खायला लोक गाड्या घेऊन येतात. खातात आणि जातात, गल्लीत कुणी शिरत नाही. आम्ही शिरलो. समोरून माणूस आला की एकाने अंग चोरून भिंतीला टेकायचे, एवढीच रुंदी. एका खोलीत चाचा बसले होते. खाट विटांवर उंच केलेली, रात्री मुले तिच्याखाली झोपतात. नात कापडावर जरीकाम करत होती. चाचा उर्दूत विचारायचे, ती बंगालीत उत्तर द्यायची. आम्हांला आमचेच घर आठवले, दादीची दखनी आणि पोरांची मराठी!

२००८च्या मे महिन्यात ढाक्याच्या हायकोर्टाने निकाल दिला, की १९७१ साली जे अल्पवयीन होते किंवा त्यानंतर जन्मले, ते बांगलादेशाचे नागरिक आहेत, त्यांची नावे मतदारयादीत घ्यावीत. त्याच डिसेंबरच्या निवडणुकीत कॅम्पातल्या लोकांनी मते दिली. मताचा हक्क असा कोर्टातून मिळवावा लागला, हे चाचांनी दोनदा सांगितले.

नातीने ओळखपत्र दाखवले. त्यावर पत्ता कॅम्पचाच. मत द्यायला तो चालतो. पण त्या वेळी पासपोर्टसाठी अर्ज केला, की चौकशीत हाच पत्ता आडवा यायचा, असे तिचे म्हणणे. नागरिक आहात, पण राहता कुठे, या प्रश्नावर कागद अडायचा. आमच्या मते हा अन्याय नागरिकत्व नाकारण्याहून फारसा लहान नाही. फक्त तो दिसत नाही.

असरची अजान झाली. चाचा वजूसाठी उठले. आम्ही मुलीला विचारले, "मग अर्ज करणारच नाहीस?"

"केलाय," ती सुईतला दोरा ओढत उर्दूत म्हणाली, "खालाचा पत्ता टाकून. ती मीरपूरला भाड्याने राहते."